विधी धर्माचा, नोंद सरकारची

समलिंगी विवाहाच्या वादात दोन वेगळे प्रश्न एकाच दमात विचारले जातात. दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या सहजीवनाला धर्मानं आशीर्वाद द्यावा का, हा पहिला. त्या सहजीवनाची नोंद सरकारनं करावी का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर त्या त्या धर्माच्या माणसांनी द्यायचं आहे. ते 'नाही' असलं तरी मला दुःख होईल, पण त्यांचा तो अधिकार मी नाकारणार नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा अधिकार मात्र कोणत्याही धर्मपीठाला नाही. ते सरकारनं द्यायचं आहे, आणि नागरिकांना समान मानणाऱ्या सरकारला 'हो' म्हणण्यावाचून गत्यंतर नाही, असं मी मानतो.

१ एप्रिल २००१ रोजी नेदरलँड्समध्ये पहिले समलिंगी विवाह कायद्यानं नोंदले गेले. तेव्हापासून पस्तीसहून अधिक देशांनी ही नोंद खुली केली आहे. दुसऱ्या टोकाला साठाहून अधिक देशांत समलिंगी संबंध आजही गुन्हा आहे. या दोन टोकांच्या मध्ये उभ्या असलेल्या देशांतली चर्चा ऐकली की एक गोष्ट सतत खटकते. ती चर्चा बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नाची असते आणि निकाल दुसऱ्या प्रश्नाचा लावला जातो.

हे दोन प्रश्न वेगळे करण्याची कल्पना समलिंगी जोडप्यांसाठी कुणी नव्यानं काढलेली नाही. ती धार्मिक माणसांसाठी निघाली. १५८० मध्ये हॉलंड प्रांतानं, तिथल्या रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट चर्चमध्ये ज्यांना लग्न लावायचं नव्हतं त्यांना, दंडाधिकाऱ्यापुढे लग्न करायची मुभा दिली. इंग्लंडनं बरोबर उलटा रस्ता धरला. १७५३ च्या कायद्यानं लग्न वैध ठरायचं तर ते अँग्लिकन चर्चमध्येच, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडमध्येच, लागलं पाहिजे, असं ठरवून टाकलं. सूट मिळाली ती फक्त क्वेकर या छोट्या ख्रिस्ती पंथाला आणि ज्यू लोकांना. कॅथलिक, बॅप्टिस्ट आणि इतर पंथीयांना, ज्या चर्चची शिकवण त्यांना मान्य नव्हती, त्याच चर्चच्या पाद्र्यापुढे उभं राहावं लागे. नाहीतर कायद्याच्या लेखी ते लग्नच नव्हतं आणि मुलं अनौरस. हा अन्याय ऐंशीहून अधिक वर्षं चालला. १८३६ च्या कायद्यानं सरकारी निबंधकासमोर लग्न करण्याची सोय झाली, तेव्हा तो संपला. फ्रान्सनं १७९२ मध्येच जन्म, मृत्यू आणि विवाहाच्या नोंदवह्या चर्चकडून काढून नगरपालिकांकडे दिल्या होत्या.

भारतातही हेच घडलं. ब्राह्मो समाजाच्या पद्धतीनं लागलेली लग्नं कायदेशीर आहेत की नाहीत, याबद्दल शंका उपस्थित झाली. केशवचंद्र सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठपुरावा केला आणि १८७२ चा विशेष विवाह कायदा झाला. त्यात एक जाचक अट होती. आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, ज्यू, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी कोणत्याही धर्माचे नाही, असं लिहून द्यावं लागे. म्हणजे धर्माबाहेरचं लग्न हवं असेल तर धर्मच सोडल्याचं जाहीर करा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं ही अट काढून टाकली. माणूस आपल्या धर्मात राहूनही लग्न सरकारदरबारी नोंदवू शकतो, हे तत्त्व तिथे पक्कं झालं.

ही विभागणी जिथे झालीच नाही तिथे काय होतं, याचं उदाहरण इस्राएल आहे. तिथे देशांतर्गत नागरी विवाह नाही. लग्न लावण्याचा अधिकार धर्मसंस्थांकडे आहे. त्यामुळे ज्यू पुरुष आणि ख्रिस्ती स्त्री यांनाही देशात लग्न करता येत नाही. ते सायप्रसला जातात, लग्न करतात, परत येऊन नोंद करतात. २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, परदेशात लग्न केलेल्या समलिंगी जोडप्यांचीही नोंद करा, असा आदेश दिला. म्हणजे देश समलिंगी विवाह लावत नाही, पण नोंदवतो. कुचंबणा दोघांचीही सारखीच : भिन्नधर्मी जोडप्याची आणि समलिंगी जोडप्याची. या विषयाकडे केवळ 'त्या लोकांचा' प्रश्न म्हणून पाहणाऱ्यांनी या उदाहरणाशी थोडं थांबावं.

क्वेकरांची गोष्ट तर या वादातला एक मोठा गैरसमजच दूर करते. समलिंगी विवाहाला मान्यता दिली की धर्मस्वातंत्र्यावर घाला येतो, असं नेहमी म्हटलं जातं. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या क्वेकरांनी आपल्या वार्षिक सभेत ठरवलं की समलिंगी जोडप्यांचे विवाह आपण इतर विवाहांसारखेच लावू. त्यांच्या श्रद्धेनं त्यांना हे सांगितलं होतं. कायद्यानं मात्र परवानगी नव्हती. उदारमतवादी ज्यू मंडळ्यांचीही हीच अडचण होती. इंग्लंड आणि वेल्समधला कायदा २०१३ मध्ये बदलला आणि मार्च २०१४ पासून लग्नं लागू लागली. तोवर कुणाचं धर्मस्वातंत्र्य हिरावलं गेलं होतं? ज्यांचा धर्म 'हो' म्हणत होता त्यांचं. सरकार जेव्हा एका धर्माचा नकार सगळ्यांसाठी कायदा करतं, तेव्हा ते दुसऱ्या धर्माचा होकार दडपत असतं.

त्याच २०१३ च्या कायद्यात विरोध करणाऱ्या धर्मसंस्थांना भक्कम संरक्षण दिलं गेलं. कोणत्याही धर्मसंस्थेवर किंवा धर्मगुरूवर समलिंगी विवाह लावण्याची सक्ती करता येणार नाही, नकार दिला म्हणून त्यांच्यावर खटला भरता येणार नाही, आणि चर्च ऑफ इंग्लंडपुरतं तर असे विवाह त्यांच्या विधीनं लावणं कायद्यानंच वगळलं. इतकी वर्षं झाली, चर्च ऑफ इंग्लंडमध्ये आजही समलिंगी विवाह लागत नाहीत. डेन्मार्कनं २०१२ मध्ये वेगळी वाट काढली. तिथलं लुथरन चर्च राज्यमान्य आहे. एखाद्या पाद्र्याला आपल्या सद्सद्विवेकाला पटत नाही म्हणून असं लग्न लावायला नकार देता येतो, पण मग दुसरा पाद्री उपलब्ध करून देण्याची जबाबदारी बिशपवर येते. दोन्ही ठिकाणी श्रद्धेला जागा राहिली आणि जोडप्यांना दार उघडं झालं.

आता नोंदीकडे येऊ, कारण 'एका कागदासाठी एवढा आटापिटा कशाला' हा प्रश्न मी फार वेळा ऐकला आहे, आणि तो विचारणारी बहुतेक माणसं तो कागद खिशात असलेली असतात.

लग्नाच्या नोंदीची किंमत चांगल्या दिवसांत कळत नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जिम ओबरगफेल आणि जॉन आर्थर दोन दशकं एकत्र राहत होते. आर्थर यांना एएलएस झाला. या आजारात शरीराचे स्नायू एकेक करून निकामी होत जातात. ओहायोत समलिंगी विवाहाला बंदी होती, म्हणून जुलै २०१३ मध्ये दोघं रुग्णांसाठीच्या विमानानं मेरीलँडला गेले. आर्थर यांना खाली उतरवणं शक्य नव्हतं. बाल्टिमोरच्या विमानतळावर उभ्या असलेल्या त्या छोट्या विमानातच लग्न लागलं. ऑक्टोबरमध्ये आर्थर वारले. जिम यांची न्यायालयात मागणी एवढीच होती की मृत्यूच्या दाखल्यावर हयात जोडीदाराच्या रकान्यात आपलं नाव असावं. त्या एका रकान्याविरुद्ध ओहायो राज्य सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलं. २६ जून २०१५ रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल लागला आणि समलिंगी विवाह अमेरिकेच्या सर्व राज्यांत कायदेशीर झाला. याआधी २०१३ मध्ये गाजलेला एडिथ विंडसर यांचा खटलाही असाच कोरडा, कागदी होता. त्यांची जोडीदार थिया स्पायर २००९ मध्ये वारली. दोघींनी टोरांटोला जाऊन रीतसर लग्न केलं होतं, पण अमेरिकेचं केंद्र सरकार ते मानत नव्हतं. म्हणून विंडसर यांना ३,६३,०५३ डॉलर वारसा कर भरावा लागला. जोडीदार पुरुष असता तर हा कर शून्य असता.

भारतीय कायद्यातली स्थिती अशाच रकान्यांमधून दिसते. नवऱ्यानं बायकोला कितीही रक्कम भेट दिली तरी तिच्यावर ती उत्पन्न म्हणून आयकर लागत नाही. एकत्र राहणाऱ्या दोन स्त्रियांपैकी एकीनं दुसरीला वर्षभरात ५०,००० रुपयांहून जास्त दिले, तर कायद्याच्या व्याख्येत त्या नातेवाईक नाहीत, म्हणून घेणारीला ती सगळी रक्कम उत्पन्नात दाखवावी लागते. हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर मालमत्ता कुणाकडे जाते याची लांबलचक यादी आहे. जवळचे वारस, मग त्यांच्यानंतरचे, मग पितृकुळातले दूरचे नातलग, मग इतर रक्तसंबंधी. कुणीच सापडलं नाही तर सरकारजमा. आयुष्यभर एका घरात राहिलेला, दुखण्याखुपण्यात उशाशी बसलेला जोडीदार या यादीत कुठेच नाही. सरकारच्याही मागे त्याला जागा नाही.

मृत्युपत्र करता येतं, हे खरं. पण ते आव्हान देण्याजोगं असतं, आणि आव्हान द्यायला नेमकं तेच कुटुंब येतं ज्यानं हे नातं कधी मानलं नाही. शिवाय कुटुंब निवृत्तिवेतन मृत्युपत्रानं देता येत नाही. मूलही देता येत नाही.

मुलांचा मुद्दा विरोधक सर्वांत आधी काढतात, म्हणून तो नीट पाहायला हवा. विवाह संततीसाठी असतो, म्हणून तो स्त्री-पुरुषाचाच, असं ते म्हणतात. पण कोणताही विवाह कायदा वधूवरांना मूल होणार का, असं विचारत नाही. साठीतल्या विधुरानं साठीतल्या विधवेशी केलेलं लग्न तितकंच पूर्ण असतं. आणि मुलांचं हित हीच कसोटी असेल, तर सध्याची व्यवस्था त्या कसोटीला उतरत नाही. भारतात दत्तक घ्यायचं तर जोडप्याचा किमान दोन वर्षांचा स्थिर वैवाहिक संसार असावा लागतो. एकट्या व्यक्तीला मात्र दत्तक घेता येतं. त्यामुळे समलिंगी जोडप्यातल्या एकानं एकट्याच्या नावावर मूल घेतलं, तर ते मूल ज्या दोन माणसांना आपले पालक समजून वाढतं, त्यांतला एक कायद्यानं परका असतो. शाळेचा अर्ज, शस्त्रक्रियेची संमती, पासपोर्ट, सगळीकडे एकाचीच सही चालते. नोंदीतला पालक उद्या अपघातात गेला, तर जिवंत असलेल्या दुसऱ्या पालकाच्या कडेवर असतानाच ते मूल कायद्याच्या दृष्टीनं अनाथ होतं. लग्न नाकारून मूल जन्माला येणं किंवा वाढवलं जाणं थांबत नाही. फक्त त्याच्या डोक्यावरचं अर्धं छप्पर काढून घेतलं जातं.

आयर्लंडनं हे ओळखलं होतं. २०१५ च्या सार्वमताआधीच त्यांनी मुलं आणि कौटुंबिक नात्यांविषयीचा वेगळा कायदा संमत करून ठेवला, म्हणजे मतदानात लहान मुलांना कुणी ढाल म्हणून वापरू नये. त्या सार्वमताचा निकाल मला अजूनही थक्क करतो. २०११ च्या जनगणनेत ८४ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हटलेला तो देश. समलिंगी संबंधांवरचा फौजदारी कलंक तिथे १९९३ मध्ये पुसला गेला. घटस्फोटाला परवानगी द्यायची की नाही यावर १९९५ मध्ये घेतलेलं सार्वमत निम्म्याहून जेमतेम थोड्या जास्त मतांनी पार पडलं होतं. त्याच देशात २२ मे २०१५ रोजी ६२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाच्या बाजूनं कौल दिला. एवढे सगळे नास्तिक असणं शक्यच नाही. त्यांतल्या असंख्य लोकांनी रविवारी चर्चमध्ये जायचं सोडलं नाही आणि मतपेटीपाशी चर्चचं ऐकलंही नाही. श्रद्धाळू माणसाला हे दोन प्रश्न वेगळे करता येतात, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

धर्मांच्या आतला वाद मात्र मला खरोखर महत्त्वाचा वाटतो, आणि बाहेरच्यांनी त्याची थट्टा करू नये असंही वाटतं. कॅथलिक चर्चसाठी विवाह सात संस्कारांपैकी एक आहे. ज्याला तो ईश्वरानं घालून दिलेला वाटतो त्याच्याकडून 'काळ बदलला' एवढ्या कारणावर तो बदलण्याची अपेक्षा करणं म्हणजे त्याच्या श्रद्धेला कपड्यांच्या फॅशनसारखं लेखणं. २०२१ मध्ये व्हॅटिकननं समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देता येणार नाही असं स्पष्ट केलं. डिसेंबर २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या मान्यतेनं निघालेल्या घोषणापत्रात अशा जोडप्यांना विधीबाहेर, अनौपचारिक आशीर्वाद देण्याची मुभा दिली गेली, मात्र तो विवाहासारखा दिसता कामा नये अशी ताकीद ठेवून. विवाहाची व्याख्या जागची हलली नाही. तरीही पुढच्याच महिन्यात आफ्रिकेतल्या बिशपांनी आपण असे आशीर्वाद देणार नाही असं कळवलं. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चची तर या प्रश्नावर फाळणी झाली. २०१९ ते २०२३ या काळात तिथल्या सुमारे एक चतुर्थांश मंडळ्या बाहेर पडल्या, आणि २०२४ मध्ये उरलेल्यांनी बंदी उठवली. चर्च ऑफ स्वीडननं २००९ मध्येच समलिंगी विवाह लावायला सुरुवात केली होती. ज्यूंमध्ये सुधारणावादी रब्बींनी २००० मध्ये दार उघडलं, कॉन्झर्व्हेटिव्ह पंथानं २०१२ मध्ये, आणि ऑर्थोडॉक्स पंथाचा नकार कायम आहे.

इस्लाममध्ये निकाह हा करार आहे, पण तो स्त्री आणि पुरुष यांच्यातला, याबद्दल सुन्नी आणि शिया परंपरांतल्या फिक्हमध्ये, म्हणजे धर्मकायद्यात, दुमत नाही. वेगळा अर्थ लावू पाहणारे अभ्यासक आहेत, संख्येनं थोडे. शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठानं, अकाल तख्तानं, २००५ मध्ये विरोध जाहीर केला. थायलंडमध्ये प्रचलित असलेल्या थेरवाद बौद्ध परंपरेत विवाह हा मुळात भिक्षूंच्या अखत्यारीतला विषयच नाही, तो गृहस्थांचा व्यवहार. थायलंडमध्ये २०२४ साली कायदा संमत होताना धर्मसंस्थेशी मोठा संघर्ष उभा राहिला नाही, याचं हे एक कारण असावं असं मला वाटतं.

हिंदू परंपरेत तर निर्णायक निवाडा देणारं एक पीठच नाही. दोन्ही बाजू ग्रंथ उलगडून बसतात. एक बाजू मंदिरांवरची शिल्पं दाखवते, दुसरी विवाहसंस्कारातले मंत्र. मनुस्मृतीत पुरुषांमधल्या संबंधांना एके ठिकाणी सचैल स्नानाचं, म्हणजे अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळीचं प्रायश्चित्त आहे, तर कुमारिकेशी संबंध ठेवणाऱ्या स्त्रीला भयंकर देहदंड. त्याच ग्रंथात विवाहाचे आठ प्रकार सांगताना पळवून आणलेल्या मुलीशी झालेल्या राक्षस विवाहालाही निदान प्रकारांच्या यादीत जागा आहे. मला ही शोधाशोध दोन्ही बाजूंनी निष्फळ वाटते. उद्या एखाद्या पोथीत समलिंगी विवाहाचा निःसंदिग्ध पुरस्कार सापडला, तर त्यामुळे कुणाचा हक्क सिद्ध होणार नाही. निषेध सापडला तरी तो हक्क रद्द होणार नाही. पोथी संस्काराला आधार देऊ शकते. वारसा, कर आणि दत्तक यांचे कायदे तिच्यातून काढायचे दिवस १९५५-५६ च्या हिंदू कायद्यांनी संपवले. ते कायदे होऊ घातले होते तेव्हाही 'विवाह हा संस्कार आहे, त्यात घटस्फोट बसत नाही' हीच ओरड होती. हिंदू कोड बिल रखडलं, हे १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपद सोडण्यामागचं एक प्रमुख कारण होतं. पुढे घटस्फोट कायद्यात आला. संस्कार बुडाला नाही.

देवाची योजना अशी आहे, हा युक्तिवाद न्यायालयात याआधीही झालेला आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात गोऱ्या पुरुषानं काळ्या स्त्रीशी लग्न केलं म्हणून दोघांना शिक्षा झाली. तिथल्या न्यायाधीशानं कारण दिलं की ईश्वरानं वेगवेगळे वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, म्हणजे त्यांनी मिसळावं असा त्याचा हेतू नव्हता. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला. त्यानंतरच्या वर्षी गॅलपच्या पाहणीत अशा लग्नांना पसंती देणारे अमेरिकी लोक अवघे २० टक्के होते. समाज तयार होईपर्यंत थांबायचं ठरवलं असतं तर किती पिढ्या थांबावं लागलं असतं?

लग्न नको, वेगळ्या नावाची नागरी भागीदारी द्या, असा मधला मार्ग सुचवणारे अनेकदा सद्भावनेनं बोलत असतात. डेन्मार्कनं १९८९ मध्ये याच वाटेनं सुरुवात केली होती आणि पायरी म्हणून तिचं मोल आहे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये रशियाविरुद्धच्या खटल्यात, समलिंगी जोडप्यांना कोणत्या ना कोणत्या स्वरूपात कायदेशीर मान्यता देणं राज्यांवर बंधनकारक आहे, असं म्हटलं, आणि स्वरूप निवडायची मोकळीक राज्यांना ठेवली. पण या पायरीवर कायमचं थांबता येत नाही. का, ते ऑस्ट्रियाच्या घटना न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये नेमकं सांगितलं. वेगळी नोंद असली की वैवाहिक स्थिती लिहावी लागणाऱ्या प्रत्येक फॉर्मवर माणसाला आपली लैंगिकता उघड करावी लागते, जिथे तिचा काही संबंध नाही तिथेही. भाड्याचं घर, नोकरी, बँक, सगळीकडे ओळखीचा शिक्का. तैवाननं २०१९ मध्ये विवाहाची नोंद दिली, पण स्वतंत्र कायद्यानं. परिणामी दत्तकाचे आणि परदेशी जोडीदारांचे हक्क अपुरे राहिले आणि २०२३ पर्यंत एकेक ठिगळ लावत बसावं लागलं.

आता अवघड भाग. धर्मगुरूला नकाराचा हक्क आहे, मग सरकारी निबंधकाला का नाही? दक्षिण आफ्रिकेनं २००६ च्या कायद्यात तो दिला होता आणि २०२० मध्ये काढून घेतला. लंडनच्या एका निबंधक बाईंनी ख्रिस्ती श्रद्धेमुळे समलिंगी भागीदारीच्या नोंदी करायला नकार दिला. त्यांची तक्रार २०१३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं फेटाळली. मला हे योग्य वाटतं, जरी त्या बाईंच्या मनातली ओढाताण खरी असली तरी. निबंधक खुर्चीत बसतो तेव्हा तो कुणा एका धर्माचा प्रतिनिधी नसतो. तिथून दिलेला नकार हा राज्याचा नकार असतो. पाद्र्याचा नकार फक्त त्याच्या चर्चचा असतो, आणि दुसरं दार शिल्लक असतं.

धार्मिक संस्था चालवत असलेल्या दत्तक केंद्रांचं, शाळांचं, रुग्णालयांचं काय, हे इतकं सरळ नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये, समलिंगी जोडप्यांकडे मुलं सांभाळायला द्यायला नकार देणाऱ्या फिलाडेल्फियातल्या कॅथलिक संस्थेच्या बाजूनं एकमतानं निकाल दिला. संस्था सरकारी पैशावर सार्वजनिक काम करत असेल तर तिनं दारातून आलेल्या नागरिकाला परत पाठवू नये, असं माझं मत आहे. स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या अनुयायांसाठी चालवत असेल तर तिला जास्त मोकळीक असावी. या दोन्हींच्या मधल्या जागेत भांडणं होत राहतील आणि ती एकेक करून सोडवावी लागतील. या धूसर कडांकडे बोट दाखवून मधला सगळा स्वच्छ भाग नाकारणं मात्र मला मान्य नाही.

भारतात ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानं समलिंगी संबंध गुन्ह्यातून मुक्त झाले. विवाहाचा प्रश्न एप्रिल २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे आला. सरन्यायाधीशांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की धर्माधारित व्यक्तिगत कायद्यांत आपण शिरणार नाही, विचार होईल तो विशेष विवाह कायद्याचा. म्हणजे कोणत्याही धर्माचा विधी, मंत्र किंवा करार तिथे पणाला नव्हता. तरी धार्मिक संघटना विरोधासाठी न्यायालयात उभ्या राहिल्या. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाचही न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की विवाह हा घटनेनं दिलेला मूलभूत हक्क नाही. नागरी भागीदारी आणि दत्तक यांवर तीन विरुद्ध दोन असं मत पडून याचिकाकर्ते हरले. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. दरम्यान, अशा जोडप्यांच्या अडचणी पाहायला मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. २०२४ मध्ये संयुक्त बँक खात्याला आणि जोडीदाराला नामनिर्देशित करायला आडकाठी नाही, रेशनकार्डासाठी असं जोडपं एक कुटुंब धरावं, अशा सूचना निघाल्या. चांगलंच झालं. पण सूचनापत्रानं मिळालेली गोष्ट दुसऱ्या सूचनापत्रानं जाऊ शकते.

निकालातला एक मुद्दा मी गांभीर्यानं घेतो. विशेष विवाह कायदा वारसा, पोटगी, घटस्फोट अशा अनेक कायद्यांत गुंतलेला आहे, त्यांत जागोजागी पती आणि पत्नी वेगळे आहेत, आणि ते सारं न्यायालयाला नव्यानं लिहिता येणार नाही, असं म्हटलं गेलं. हे काम खरोखर कायदेमंडळाचं आहे. पण ते अशक्य नाही. थायलंडच्या संसदेनं नागरी संहितेतली कलमं घेऊन 'स्त्री-पुरुष' आणि 'पती-पत्नी' यांच्या जागी 'व्यक्ती' आणि 'जोडीदार' घातलं, जाता जाता विवाहाचं किमान वय १७ वरून १८ केलं, आणि २३ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला. 'वडील आणि आई' ही कलमं मात्र तशीच राहिली, म्हणून पालकत्वाचा प्रश्न तिथे अजून लोंबकळतो आहे. आपल्याला त्यांची चूक टाळायची संधी आहे. विशेष विवाह कायद्याचं चौथं कलम सुरू होतं तेच मुळी 'कोणत्याही दोन व्यक्तीं'पासून. अडचण येते ती पुढे, पुरुषाला २१ आणि स्त्रीला १८ वर्षं अशी वयाची अट आहे तिथे. दोघांना एकच वय लावता येईल. पोटगी जो दुर्बळ असेल त्याला मिळेल असं लिहिता येईल. धर्मगुरूंवर कसलीही सक्ती नाही हे एका स्वतंत्र कलमात नोंदवता येईल. दत्तकाच्या नियमांत दोन्ही पालकांची नावं येतील अशी तरतूद करता येईल.

१ एप्रिल २०२२ रोजी लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात अशीच दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. हे काम न्यायालयाचं नव्हे, संसदेचं, असं सरकारनं २०२३ मध्ये न्यायालयात ठासून सांगितलं आणि न्यायालयानं ते मान्य केलं. आता ज्यांना कुणाला लोकसभेत आपला प्रतिनिधी म्हणून पाठवलं आहे, त्यांना नाव घेऊन विचारायला हवं की सरकारी विधेयक कधी येणार, आणि ते आलं तर तुम्ही कोणत्या बाजूनं मत देणार.